द्रावकांनी बिघडलेलं भूजल आणि सरफॅक्टंट: सोलापुरातून वारंवार येणारे प्रश्न

भूजल तपासणीच्या कामामुळे माझ्याकडे विहीरमालक, गॅरेजवाले, डाईंगवाले आणि इंजिनिअरिंगची मुलं असे सगळेच प्रश्न पाठवतात. जमिनीखाली अडकलेलं द्रावक, म्हणजे सॉल्व्हंट, सरफॅक्टंटने (साबणाच्या कुळातल्या रसायनाने) धुऊन काढायची एक पद्धत आहे. तिच्याबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सॉल्व्हंट म्हणजे नेमकं कोणतं? थिनर, रॉकेल, डिझेल सगळं त्यातच धरायचं का?

इथे ज्यांच्याबद्दल बोलतोय ती क्लोरीन असलेली द्रावकं. यंत्राच्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरतात ते ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई. ड्रायक्लीनिंगच्या मोठ्या मशीनमध्ये असतं ते परक्लोरोइथिलीन, म्हणजे पर्क. ही दोन्ही पाण्यापेक्षा जड आहेत. टीसीईचं एक लिटर १.४६ किलो भरतं, पर्कचं १.६२ किलो. जमिनीत मुरल्यावर ती पाण्याच्या पातळीशी थांबत नाहीत, पाण्यातून खाली बुडत जातात. रॉकेल, डिझेल, टर्पेंटाइन हलकी असल्यामुळे पाण्यावर तरंगतात. त्यांचा हिशोब वेगळा आहे, प्रश्न १७ पाहा.

२. आमच्या विहिरीचं पाणी काचेसारखं आहे, वासही नाही. मग त्यात सॉल्व्हंट आहे हे कळणार कसं?

डोळ्यांनी आणि नाकाने कळत नाही. धोक्याची पातळी लिटरला काही मायक्रोग्रॅम इतकी कमी असते आणि वास येतो तो त्याच्या कितीतरी पट जास्त प्रमाणात. नेहमीच्या पाणी तपासणीत टीडीएस, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू बघतात, त्यात हे दिसणारच नाही. बाष्पनशील सेंद्रिय रसायनांची तपासणी वेगळी सांगावी लागते आणि ती गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, होते.

नमुना कसा घेता यावर सगळं अवलंबून असतं. एकदा एका शेतकरी काकांनी मे महिन्यात पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या प्लास्टिक बाटलीत नमुना आणला, तोही स्कूटरच्या डिकीत ठेवून. अहवाल आला ‘आढळले नाही’. काका खूश! नंतर त्याच विहिरीचा नमुना आम्ही ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत घेतला. कुपी काठोकाठ भरली, उलटी करून आत एकही बुडबुडा नाही याची खात्री केली आणि बर्फाच्या पेटीतून नेली. तेव्हा टीसीई सापडलं. पहिल्या वेळी ते बाटलीतल्या हवेत उडून गेलं होतं.

३. उकळून प्यायलं तर? घरात आरओ आहे, तो चालेल का?

उकळल्यावर द्रावक पाण्यातून निघतं आणि स्वयंपाकघरातल्या हवेत जातं. म्हणजे पोटात जायचं ते छातीत जातं. गरम पाण्याच्या अंघोळीतही तसंच होतं. आरओच्या पडद्यावर या बाबतीत भरवसा ठेवू नका. चांगला सक्रिय कोळसा द्रावक धरून ठेवतो, पण तो कधी भरला हे घरी कळत नाही. ग्रामपंचायत टाकते त्या टीसीएल पावडरीने जंतू मरतात, द्रावकाला काही होत नाही. नावातल्या साधर्म्यामुळे टीसीएल आणि टीसीई यांत गल्लत होते, म्हणून मुद्दाम सांगितलं. खात्री होईपर्यंत पिण्यासाठी दुसरं पाणी वापरा.

४. लिटरभर सांडलं तर असं काय मोठं बिघडतं?

हिशोब करून बघू. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर टीसीई म्हणजे १.४६ किलो. ते पूर्ण विरघळलं तर २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोहोचतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २९ हजार टँकर! उन्हाळ्यात दारात एक टँकर यावा म्हणून काय काय करावं लागतं, हे सोलापूरकराला सांगायला नको.

आरोग्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली टीसीईला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. त्यात मुख्य संबंध मूत्रपिंडाशी आहे.

५. मग बोअरला मोठी मोटर लावून ते पाणी उपसून टाकलं की झालं ना?

वर्षानुवर्षं लोकांनी हेच केलं. उपशाने विरघळलेलं द्रावक बाहेर येतं आणि पसरणं आटोक्यात राहतं, तेवढा उपयोग खरा. पण न विरघळलेलं द्रावक वाळूच्या कणांमध्ये, खडकाच्या फटींमध्ये थेंबाथेंबाने अडकून बसलेलं असतं. पर्क एका लिटर पाण्यात जेमतेम २०० मिलिग्रॅम विरघळतं. म्हणजे जाणाऱ्या पाण्यासोबत ते चिमूटभरच निघतं आणि साठा तसाच राहतो. मोटर चालू असताना आकडे खाली येतात, बंद केली की काही महिन्यांत परत चढतात. ‘साफ झालं’ म्हणून फाइल बंद करायची घाई इथेच नडते.

६. सरफॅक्टंट त्यात नेमकं काय करतं?

डाईंगच्या पोरांना हे समजवावं लागत नाही. सूत रंगवून झालं की लच्छी साध्या पाण्यात कितीही खंगाळा, सुटा रंग निघतच राहतो. सोपिंगच्या, म्हणजे साबणाच्या पाण्याच्या, टाकीत घातली की तो सुटतो. सरफॅक्टंट म्हणजे त्याच कुळातला पदार्थ, ज्याच्या रेणूचं एक टोक पाण्याशी मैत्री करतं आणि दुसरं तेलकट पदार्थाशी. पाण्यात त्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की रेणूंचे बारीक गोळे बनतात. तेलकट टोकं आत, पाणीप्रेमी टोकं बाहेर. त्यांना मायसेल म्हणतात. द्रावक या गोळ्यांच्या पोटात शिरतं आणि पाण्याबरोबर वाहून येतं. ट्वीन ८० नावाच्या सरफॅक्टंटच्या (प्रश्न ८) ४ टक्के द्रावणात पर्क साध्या पाण्याच्या शंभरपटीहून जास्त मावतं.

दुसरं काम म्हणजे पाणी आणि द्रावक यांच्या सीमेवरचा ताण कमी करणं. या ताणामुळेच थेंब फटीत अडकून राहतो. ताण खूप उतरला की थेंब सुटतो आणि वाहू लागतो.

कॉलेजमध्ये आम्ही हे काचेच्या उभ्या नळीत दाखवतो. नळीत सीना नदीची धुतलेली वाळू भरायची. तेलात विरघळणारा लाल रंग घालून थोडं पर्क त्यात मुरवायचं, हे सगळं धूर ओढणाऱ्या कपाटात. साधं पाणी कितीही सोडलं तरी कणांमध्ये लाल ठिपके तसेच चिकटून राहतात. सौम्य सरफॅक्टंट सोडलं की खालून येणारं पाणी गुलाबी होतं आणि ठिपके हळूहळू फिके पडतात. तिसऱ्या वेळी ताण फार उतरवणारं मिश्रण सोडतो. ठिपके एकदम हात सोडतात आणि लाल ओघळ सरळ नळीच्या तळाला जातो. मुलं टाळ्या वाजवतात. मी तिथेच थांबवून विचारतो, तळाला बाटली नसती तर हे कुठे गेलं असतं? (प्रश्न ११.)

७. मग विहिरीत कपड्यांची पावडर दोन पोती टाकली तर?

नका टाकू. हा प्रश्न मस्करीत येत नाही, एकाने खरोखर पावडर आणून ठेवली होती. कपड्यांच्या पावडरीत सोडा, सुगंध, चमक आणणारी रसायनं आणि भराव असतो. त्याने पाणी आणखी बिघडतं. द्रावक कुठे साठलंय हे माहीत नसताना घातलेला साबण भलत्याच वाटेने जातो, शेजाऱ्याच्या बोअरमध्ये फेस निघतो आणि खालचा साठा तसाच राहतो. या पद्धतीत साबण आत घालणं हे निम्मंच काम आहे. घातलेला प्रत्येक लिटर, त्यात आलेल्या द्रावकासकट, परत वर काढणं हे उरलेलं निम्मं.

८. कोणते सरफॅक्टंट वापरतात? आपला रिठा चालेल का?

प्रत्यक्ष कामात दोन नावं जास्त दिसतात. एक ट्वीन ८०, जे आइस्क्रीमसारख्या खाद्यपदार्थांतही वापरतात. ते विद्युतभार नसलेल्या जातीचं आहे. दुसरं सोडियम डायहेक्झिल सल्फोसक्सिनेट, ऋणभाराचं, ज्याच्या जोडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मीठ घालतात. धनभाराचे टाळतात, कारण मातीचे कण ऋणभाराचे असतात आणि ते सरफॅक्टंटला तिथेच चिकटवून ठेवतात. आपल्या काळ्या मातीत तर फारच.

रिठ्यात सॅपोनिन असतं आणि ते खरंच सरफॅक्टंट आहे. दूषित माती धुण्यासाठी त्याचे प्रयोगही झाले आहेत. पण रिठ्याच्या पाण्यात साखर, रंग आणि इतर सेंद्रिय माल येतो, दोन पोत्यांचा गुण सारखा नसतो आणि जमिनीत जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढून बोअर तुंबू शकते. साड्या धुवायला उत्तम. बोअरमध्ये सोडायला नको.

९. प्रत्यक्ष काम कसं चालतं?

वेळेचा मोठा भाग आधीच्या शोधात जातो. द्रावक कुठून सांडलं, किती खोल गेलं, खाली कोणत्या थरावर थांबलं हे बोअर घेऊन आणि गाभ्याचे नमुने काढून पाहतात. साठा किती आहे हे मोजायला वेगवेगळ्या अल्कोहोलचा माग काढतात. एका बाजूने ती पाण्यात मिसळून सोडतात. द्रावकात जास्त रमणारी अल्कोहोल उशिरा बाहेर येतात आणि त्या उशिरावरून आत किती द्रावक दडलंय याचा अंदाज येतो. काम संपल्यावर हीच चाचणी परत करतात, म्हणजे काय निघालं ते कळतं.

मग मधल्या बोअरमधून सरफॅक्टंट सोडायचं आणि भोवतालच्या बोअरमधून उपसायचं. उपसा सोडण्यापेक्षा जास्तच ठेवायचा, म्हणजे बाहेरचं पाणी आत येतं, आतलं बाहेर जात नाही. त्या भागातल्या पोकळ्यांत मावेल एवढ्या पाण्याच्या काही पटी द्रावण फिरवतात आणि शेवटी साध्या पाण्याने खंगाळतात. सोडण्याचं काम आठवड्यांचं, पण आधीचा शोध आणि नंतरची देखरेख वर्षांची.

आपल्याकडे हंगामाचाही विचार हवा. द्रावण फिरवायला थर पाण्याने भरलेला लागतो. मे महिन्यात मुरमातल्या विहिरी तळ गाठतात, तेव्हा हे काम सुरू करणं म्हणजे कोरड्या टाकीत लच्छी धुणं. भर पावसात पातळी रोज हलते. माझ्या मते दिवाळीनंतरचे तीन-चार महिने बरे.

१०. सोलापूरचं बोअरचं पाणी जड. त्यात साबणच फेसत नाही, मग हे कसं चालणार?

प्रश्न अगदी बरोबर. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा साका होतो. बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो तोच. ऋणभाराच्या काही सरफॅक्टंटचं जमिनीखाली असंच होतं: साका फटींत बसतो, वाट बंद होते आणि महागडं रसायन वाया जातं. म्हणून त्या जागेचंच पाणी, तिथलीच माती आणि तिथलंच द्रावक घेऊन परीक्षानळ्यांत चाचण्या करतात. नळीगणिक मीठ थोडं थोडं वाढवत नेलं की आधी द्रावक पाण्याच्या थरात मावतं. मग एका ठिकाणी मध्ये तिसरा थर तयार होतो, तिथे ताण सगळ्यात कमी. त्यापुढे गेलात की सरफॅक्टंट उलटं द्रावकात पळतं. तिसऱ्या थराच्या अलीकडे राहायचं.

दुसरा धोका चिकणमातीचा. पाण्यात सोडियम जास्त झालं की काळ्या मातीतली चिकणमाती फुगते, सुटी होते आणि छिद्रं बुजतात. ट्वीन ८० सारख्यांना जडपणाचा त्रास फारसा नाही, पण माती थोडं फार तेही धरून ठेवते.

११. आपल्याकडे सगळा काळा पाषाण. तिथे ही पद्धत चालेल का?

या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात.

ही पद्धत वाळूच्या थरासाठी घडली. एकसारखी छिद्रं, पाणी सगळीकडून सारखं जातं आणि खाली चिकणमातीचा घट्ट थर द्रावकाला अडवतो. सोलापूर दख्खनच्या लाव्ह्यावर वसलंय. वर काळी माती, खाली मुरूम, मग फुटका-सच्छिद्र खडक, मग घट्ट पाषाण, आणि परत दुसऱ्या लाव्ह्याचा थर. पाणी चालतं ते मुरमातून आणि फटींतून. सरफॅक्टंट रुंद फट धरून सुसाट निघून जातं, द्रावक मात्र शेजारच्या केसाएवढ्या चिरेत बसलेलं असतं. शिवाय वर्षानुवर्षं विरघळलेलं द्रावक कुजलेल्या खडकाच्या अंगात मुरतं. फट धुतली तरी ते अंगातून परत पाझरत राहतं.

आणि ते नळीच्या तळाला गेलेलं लाल द्रावक! दोन लाव्ह्यांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा थर असतो, त्याला भूशास्त्रात ‘बोल’ म्हणतात. तो द्रावकाला अडवू शकतो, पण सगळीकडे सलग नसतो. त्यात आपली बोअर घ्यायची रीत अशी की केसिंग मुरूम संपेपर्यंत, खाली साडेसहा इंची भोक उघडंच. गावात पाचशे फुटांची अशी पन्नास भोकं असली तर वरच्या थरातून सुटलेलं द्रावक खालच्या पाण्यात जायला पन्नास जिने तयार आहेत. म्हणून पाषाणात ताण एकदम उतरवणारं मिश्रण मी कुणालाही सुचवणार नाही.

मुरमाचा उथळ पट्टा, सांडलेली जागा पक्की माहीत, आसपासची उघडी बोअर मोजून बंद केलेली, एवढं जुळलं तर विरघळवून काढणाऱ्या सौम्य सरफॅक्टंटचा छोटा प्रयोग करायला हरकत नाही. एरवी इतर उपाय बघा.

१२. वर काढलेल्या त्या फेसाळ पाण्याचं काय करायचं?

इथे बऱ्याच योजनांचं अंदाजपत्रक कोलमडतं. साध्या दूषित पाण्यात हवा फुंकली की द्रावक उडून जातं आणि ती हवा कोळशातून गाळता येते. सरफॅक्टंट असलेल्या पाण्यात हवा फुंकली की ज्या मनोऱ्यात ती फुंकतात तो फेसाने भरतो. शिवाय द्रावक मायसेलच्या पोटात बसलेलं, ते सहज बाहेरही येत नाही. फेस मारणारं रसायन घालावं लागतं, किंवा पडद्यातून गाळून सरफॅक्टंट वेगळं काढून परत वापरावं लागतं. गोळा झालेलं द्रावक हा घातक कचराच. तो अधिकृत केंद्रावरच द्यायचा. नाल्यात सोडलं तर एवढा खटाटोप कशासाठी केला?

१३. हे जगात कुठे जमलंय का?

जमलंय. कॅनडात ओंटारिओतल्या बॉर्डन इथे १९९० च्या सुमारास वाळूच्या बंदिस्त चौकोनात मुद्दाम पर्क सोडून ते सरफॅक्टंटने काढायचा प्रयोग झाला. अमेरिकेतल्या युटामध्ये हिल हवाई तळावर १९९० च्या दशकात टीसीई असलेल्या रेताड थरात चाचणी झाली. तिथल्या चाचणीच्या भागातलं जवळपास सगळं अडकलेलं द्रावक निघालं, कारण खाली चिकणमातीची वाटी होती. मिशिगनमधल्या ऑस्कोडा गावात २००० साली जुन्या ड्रायक्लीनिंग दुकानाखाली ट्वीन ८० वापरून १९ लिटर पर्क काढलं. १९ लिटर म्हणजे एक जार! प्रश्न ४ मधला हिशोब लावला की त्याची किंमत कळते. पाषाणातली एवढी बोलकी उदाहरणं मला देता येत नाहीत.

१४. नव्वद टक्के निघालं म्हणजे पाणी प्यायला योग्य झालं का?

नाही. साठ्याचे नव्वद टक्के निघाले तरी उरलेले दहा टक्के भोवतालचं पाणी कितीतरी काळ मर्यादेच्या वर ठेवू शकतात. या पद्धतीचं काम मूळ साठा कमी करणं. उरलेलं जिवाणूंवर किंवा दुसऱ्या उपायावर सोपवतात. जमिनीतले काही जिवाणू द्रावकातला क्लोरीन एकेक करून काढतात. ट्वीन ८० जिथे उरलं तिथे ते जिवाणूंना खाद्य म्हणून कामी आल्याचं ऑस्कोडात दिसलं. मात्र ही साखळी मध्येच थांबली तर व्हिनाइल क्लोराइड साचतं आणि तेही कर्करोगकारक आहे. म्हणून नंतरच्या तपासणीत फक्त टीसीई बघू नका, व्हिनाइल क्लोराइडही मागवा.

१५. उरलेलं सरफॅक्टंट तपासायचं कसं? आमच्या अहवालात ‘डिटर्जंट’ मर्यादेत आलंय.

फसू नका. भारतीय पेयजल मानकातली डिटर्जंटची मर्यादा, लिटरला ०.२ मिलिग्रॅम, ऋणभाराच्या डिटर्जंटसाठी आहे. ती मिथिलीन ब्लूच्या निळ्या रंगावर मोजतात. ट्वीन ८० ला भारच नाही, त्यामुळे ते त्या तपासणीत दिसत नाही. वापरलं ट्वीन आणि अहवाल मिथिलीन ब्लूचा, असा कागद माझ्यासमोर दोनदा आला आहे. कोणतं सरफॅक्टंट वापरलं ते प्रयोगशाळेला आधी सांगा.

१६. त्यापेक्षा विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकलं तर? आजोबा टाकायचे.

आजोबा जंतूंसाठी टाकायचे. परमँगनेट टीसीई आणि पर्कला खरंच तोडतं आणि ही मान्य पद्धत आहे. पण मोजून, योग्य खोलीवर सोडावं लागतं, आणि जमिनीत सेंद्रिय माल किंवा उरलेलं सरफॅक्टंट असेल तर ते तिथेच खर्ची पडतं. म्हणून दोन्ही एकदम करत नाहीत.

१७. आमच्याकडे डिझेल झिरपलंय. त्यालाही हेच लागू होतं का?

अर्धंच. डिझेल वर तरंगतं, त्यामुळे खाली निसटण्याची भीती कमी. आधी वरचा तवंग पंपाने ओढून घेतात, मग हवा खेळवून जिवाणूंना काम करू देतात. सरफॅक्टंट लागलंच तर शेवटी, चिकटून राहिलेल्या भागासाठी.

१८. शेजाऱ्याच्या उसाला रात्रंदिवस मोटर चालू असते. त्याचा काही संबंध?

मोठा संबंध. ती मोटर दूषित पाण्याला स्वतःकडे ओढते आणि प्रश्न ९ मधला उपशाचा सगळा हिशोब चुकवते. काम सुरू करण्याआधी अर्ध्या किलोमीटरातल्या सगळ्या विहिरी-बोअर, त्यांची खोली आणि मोटरीच्या वेळा वहीत उतरवा. लोडशेडिंगचं वेळापत्रकसुद्धा. थ्री-फेज रात्री येत असेल तर भूजल रात्री एका दिशेला चालतं आणि दिवसा दुसऱ्या.

१९. हे करायला परवानगी कुणाची? आणि खर्च कुणी करायचा?

स्वतःच्या मनाने करायचं नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २४ नुसार विहिरीत किंवा भूजलात दूषित पदार्थ सोडायला मनाई आहे, हेतू कितीही चांगला असो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला द्या. २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आणले. त्यात ज्याने दूषित केलं त्याने खर्च सोसायचा, हे तत्त्व आहे. अर्जाला प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने घेतलेल्या नमुन्याचा अहवाल, नमुना घेतल्याची तारीख, वेळ आणि त्या दिवशीची पाण्याची पातळी जोडा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.